देशाच्या हवेचा हिशेब: नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

थंडी पडली की नाशिकमध्ये हवेवर चर्चा सुरू होते आणि पावसाळा लागला की थांबते. सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेजांतल्या व्याख्यानांनंतर, सातपूर-अंबडच्या कँटीनमध्ये जे प्रश्न सारखे कानावर पडतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात "आज एक्यूआय किती?" इथून, म्हणजे हवेच्या गुणवत्ता निर्देशांकापासून, होते. तो प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्या मागचा प्रश्न जास्त मोठा आहे: आपल्या देशातून वर्षाला किती प्रदूषण हवेत सोडलं जातं आणि ते वर्षागणिक वाढतंय की घटतंय? हे पान त्याबद्दल आहे.

उत्सर्जन आणि हवेची गुणवत्ता एकच ना?

नाही, आणि बहुतेक वाद याच गल्लतीतून होतात.

गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी, अंबड एमआयडीसी इथली केंद्रं त्या घडीला हवेत काय आहे ते मोजतात: एक घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम. 'समीर' ॲपवरचा एक्यूआय त्यातूनच काढतात. उत्सर्जन म्हणजे धुराड्यातून, सायलेन्सरमधून, चुलीतून, शेतातून हवेत सोडलेला माल. त्याचं माप टनांत, आणि देशाचं असेल तर हजारो टनांत. लासलगावच्या बाजार समितीत आवक आणि भाव यांचं जे नातं, तेच इथे उत्सर्जन आणि हवेतलं प्रमाण यांचं. आवकेचा भावावर परिणाम होतोच, पण भाव काही एकट्या आवकेवर ठरत नाही.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरतो तेव्हा जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते. वाराही पडलेला असतो. द्वारका चौकात गाड्या तेवढ्याच, धूरही तेवढाच, पण त्याला वर जायला वाटच नसते, म्हणून आकडा चढतो. जुलैत पाऊस सगळं धुऊन नेतो आणि आकडा उतरतो. दोन्ही महिन्यांत गाड्यांचं आणि कारखान्यांचं उत्सर्जन जवळपास सारखंच असू शकतं. आता एखाद्या वर्षी पाऊस जास्त दिवस टिकला आणि वर्षाची सरासरी सुधारली, तर श्रेय कुणी घ्यायचं? महापालिकेने तर नक्कीच नाही. म्हणून देश खरंच सुधारतोय का हे बघायला केंद्रांचे आकडे पुरत नाहीत, उत्सर्जनाचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो.

मग प्रत्येक धुराड्यावर मोजायचं यंत्र असतं का?

काही ठिकाणी असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये १७ प्रकारच्या जास्त प्रदूषणकारी उद्योगांना सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितलं. औष्णिक वीज, सिमेंट, साखर, डिस्टिलरी वगैरे त्यात येतात. पण देशातल्या कोट्यवधी चुली, दुचाक्या आणि वीटभट्ट्यांवर यंत्र कोण लावणार?

म्हणून देशाचं उत्सर्जन मोजत नाहीत, काढतात. रीत सोपी आहे: काम किती झालं, गुणिले त्या कामाच्या प्रत्येक एककामागे किती प्रदूषक निघतं. किती टन कोळसा जळला, गाड्या किती किलोमीटर धावल्या, किती टन युरिया पडला हा झाला पहिला आकडा. दुसऱ्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. प्रत्येक स्रोताचा असा गुणाकार करायचा, बेरीज मारायची, की देशाची उत्सर्जन यादी तयार.

रीत सोपी असली तरी दोन्ही आकडे मिळवताना घाम फुटतो.

एखादं उदाहरण देऊन सांगा ना.

एकलहऱ्याचं घेऊ. तिथल्या औष्णिक केंद्रात जुने १४० मेगावॉटचे दोन संच निवृत्त झाले, आता २१० मेगावॉटचे तीन आहेत. पुढचा हिशेब प्रत्यक्ष नोंदीवरचा नाही, रीत दाखवण्यापुरता आहे.

समजा २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला. सुमारे ५० लाख युनिट वीज झाली. एका युनिटला ०.७ किलो कोळसा धरा, म्हणजे दिवसाला साधारण ३,५०० टन. आपल्या देशी कोळशात राख भरपूर पण गंधक कमी असतं. ते ०.५ टक्के धरलं तर टनामागे ५ किलो गंधक. गंधकाचा अणुभार ३२ आणि सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४, म्हणजे जळल्यावर वजन दुप्पट होतं. टनामागे १० किलो वायू. दिवसाला ३५ टन. थोडं गंधक राखेत राहतं तेवढं वजा करायचं.

यात अंदाजाचा भाग किती कमी आहे बघा. कोळशाचं वजन होतं, कारण त्याचे पैसे मोजलेले असतात. गंधकाची तपासणी प्रयोगशाळेत होते. उरलं रसायनशास्त्र, ते बदलत नाही. म्हणूनच सगळ्या प्रदूषकांत सल्फर डायऑक्साइडचा राष्ट्रीय आकडा सर्वांत भरवशाचा मानतात. याच केंद्रातून सूक्ष्म धूलिकण किती निघाले हे विचारा, आणि गाडी अडते. राख पकडणारं स्थिरविद्युत यंत्र त्या दिवशी किती नीट चाललं यावर सगळं अवलंबून.

गाड्यांचा हिशेब तर सोपा असेल, आरटीओत नोंद असतेच की.

नोंद असते, पण नोंद झालेली गाडी रस्त्यावर आहे असं थोडंच आहे? एमएच-१५ ची कितीतरी वाहनं पार्किंगच्या कोपऱ्यात पत्र्याखाली गंजत पडली आहेत आणि कागदावर ती अजून जिवंत आहेत. उलट मुंबई-आग्रा महामार्गाने रोज शहर ओलांडणारे ट्रक नाशिकच्या नोंदवहीत नाहीतच. म्हणून अभ्यासक पेट्रोल पंपांवर आणि पार्किंगमध्ये पाहणी करतात: गाडी कोणत्या वर्षाची, इंधन कोणतं, मीटरवर किती किलोमीटर. त्यावरून 'खरोखर धावणाऱ्या' गाड्यांचा अंदाज बांधतात. देशपातळीवर त्याला आणखी एक ताळा असतो. गाड्यांच्या हिशेबातून निघालेलं डिझेल आणि तेल कंपन्यांनी विकलेलं डिझेल यांचा मेळ बसला पाहिजे. नाही बसला तर कुठेतरी किलोमीटर चुकलेत.

मग येतो गुणांक. बीएस म्हणजे 'भारत स्टेज', गाड्यांच्या धुराची सरकारी मानकं. बीएस-४ डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ८० झाली. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे पावणेचार किलो होते, ते १ किलो २०० ग्रॅम झाले. कागदावर. कागदावर असं मुद्दाम म्हणतोय, कारण २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा जगाला कळलं की चाचणीच्या रोलरवर शहाण्यासारखी वागणारी गाडी रस्त्यावर कितीतरी पट धूर सोडू शकते. तोवर युरोपातल्या देशांनी नवी मानकं आली म्हणून घट धरली होती. हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड मात्र त्या मानाने उतरत नव्हता. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने भारतीय गाड्यांवर चाचण्या घेऊन गुणांक काढले. परदेशी गुणांक उचलून लावण्यापेक्षा ते कधीही बरे. पण घाटात कसाऱ्याकडून चढणाऱ्या, क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या ट्रकचा गुणांक कोणत्या तक्त्यातून घ्यायचा, हा प्रश्न उरतोच.

पीयूसीचे आकडे वापरता येत नाहीत का?

नाही. पीयूसी उभ्या गाडीची तपासणी आहे. किलोमीटरमागे किती ग्रॅम, हे त्यातून कळत नाही.

रस्त्यावरची धूळही यात धरतात का? ती तर धूर नाही.

धरतात, आणि भारतीय शहरांत पीएम १० च्या, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या, यादीत ती बहुतेकदा वरच्या क्रमांकावर असते. ती मोजायची पद्धत बघण्यासारखी आहे. रस्त्याचा ठरावीक चौरस खडूने आखतात, वाहतूक थोपवतात, ब्रशने नाहीतर व्हॅक्यूमने तेवढ्यातली सगळी धूळ पिशवीत भरतात. प्रयोगशाळेत ती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळतात आणि खाली पडलेल्या बारीक मातीचं वजन करतात. चौरस मीटरला इतके ग्रॅम माती आणि वरून जाणाऱ्या गाड्यांचं सरासरी वजन, यावरून प्रत्येक किलोमीटरला किती धूळ उडते ते सूत्राने काढतात.

आता कॉलेज रोडचा नमुना घेतला तर एक उत्तर येईल आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्याचा घेतला तर भलतंच. थोड्याशा नमुन्यांवरून अख्ख्या शहराचा, मग राज्याचा, मग देशाचा आकडा काढायचा. त्यामुळे कुठल्याही राष्ट्रीय यादीत धुळीचा रकाना आला की मी तो संशयानेच वाचतो. काही जागतिक याद्या तर तो धरतच नाहीत. दोन याद्यांची तुलना करताना आधी हे तपासा, नाहीतर भांडण उगाचच होईल.

आम्ही द्राक्षवाले. छाटणीच्या काड्या बांधावर जाळतो, त्याची नोंद कुठे होते?

देशपातळीवर बहुधा 'शेतातला काडीकचरा' या मोठ्या रकान्यात, तीही अंदाजाने. हिशेब असा असतो: पिकाचं क्षेत्र, त्यातून निघणारा कोरडा कचरा, त्यातला किती जाळला, आणि टनामागे किती धूर. पहिला आकडा ई-पीक पाहणीतून आणि कृषी खात्याकडून मिळतो. चौथा प्रयोगशाळेतून येतो. घोडं अडतं ते तिसऱ्यावर. सातबाऱ्यावर द्राक्षबाग लिहिलेली असते, एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीत निघालेल्या काड्यांचं काय केलं ते कुठेच लिहिलेलं नसतं. कुणी यंत्राने बारीक करून बागेतच टाकतो, कुणी सरपणाला नेतो, कुणी काडी लावून मोकळा होतो. पंजाबातला भाताचा पेंढा उपग्रहाला दिसतो, कारण आग मोठी आणि एकाच हंगामात लागते. निफाड-दिंडोरीतल्या बांधावरचे लहान ढीग बहुतेकदा त्याच्या नजरेतून सुटतात.

शेतीचा खरा मोठा हिस्सा मात्र दिसत नाही, तो वासाने कळतो: अमोनिया. युरिया आणि जनावरांचं शेणमूत्र यांतून तो निघतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटींहून जास्त पशुधन आहे, म्हणजे हिशेबाचा पहिला आकडा चांगला पक्का आहे. अमोनिया हवेत गेल्यावर सल्फर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडपासून बनलेल्या आम्लांशी जुळतो आणि त्यातून सूक्ष्म कण तयार होतात. पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, चांगला मोठा भाग असा हवेतच जन्मतो, कुठल्याही धुराड्यातून थेट येत नाही. म्हणून फक्त 'थेट पीएम' चा रकाना बघून समाधान मानू नये.

घरातल्या चुली अजून इतक्या महत्त्वाच्या आहेत का? आता सगळ्यांकडे गॅस आला.

आहेत. थेट बाहेर पडणाऱ्या पीएम २.५ मध्ये घरगुती सरपण, गोवऱ्या आणि पाचट यांचा वाटा देशात अजून सर्वांत मोठ्यांपैकी आहे. २०११ च्या जनगणनेत जवळजवळ निम्मी घरं सरपणावर स्वयंपाक करत होती. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, जोडण्या झपाट्याने वाढल्या. पण जोडणी असणं वेगळं आणि सिलिंडर भरून आणणं वेगळं. पेठ-सुरगाण्याकडे जाऊन बघा: चहा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. हिशेबात अशा घराला 'गॅसवालं' धरलं तर उत्सर्जन एका फटक्यात पुसलं जातं. त्यात २०११ नंतरची जनगणना लांबली, त्यामुळे मधल्या वर्षांचे आकडे नमुना पाहण्यांवरून ओढूनताणून भरावे लागतात.

बरं, मग भारताचा दरवर्षीचा अधिकृत आकडा कुठे बघायला मिळेल?

इथे उत्तर थोडं कडू आहे. हरितगृह वायूंचा अधिकृत राष्ट्रीय हिशेब भारत संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराखाली देतो, ठरावीक काळाने अहवाल जातात. पण सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, अमोनिया, पीएम २.५ यांचा, दरवर्षी एकाच पद्धतीने काढलेला आणि जुन्या वर्षांपर्यंत मागे जाणारा अधिकृत राष्ट्रीय आलेख आपल्याकडे नियमित प्रसिद्ध होत नाही.

युरोपात तो होतो, कारण तसं बंधन आहे. १९७९ मध्ये जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला, कारण एका देशाच्या गंधकाने दुसऱ्या देशातली तळी आणि जंगलं आम्लपावसाने मरत होती. त्या कराराखाली युरोपातले देश दरवर्षी १५ फेब्रुवारीपर्यंत आपला हिशेब देतात, तोही दोन वर्षांपूर्वीच्या वर्षापर्यंतचा. शेजारी वही तपासणार असेल तर वही नीट लिहिली जाते. दक्षिण आशियात असा बंधनकारक करार नाही.

आपल्याकडे काम होतच नाही असं मात्र नाही. पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये सुरू केलेला आणि आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखालचा 'कोॲलेस' प्रकल्प काळ्या कर्बाच्या (काजळीच्या) आणि धूलिकणांच्या उत्सर्जनावर काम करतो. भारतीय चुलींचे, वीटभट्ट्यांचे गुणांक आपल्याच मातीत मोजणं हे अशा कामाचं मोल. देशभराचा लांब पल्ल्याचा आलेख हवा असेल तर मात्र बहुतेक जण बाहेरच्या याद्यांकडे वळतात: युरोपीय आयोगाची 'एडगर', जी १९७० पासून आहे, किंवा 'सेड्स', जी १७५० पर्यंत मागे जाते.

१७५० पासून? पेशवाईत कोण मोजत होतं?

कुणीच नाही. लोकसंख्या, सरपणाचा अंदाज, पुढे खाणींचं कोळसा उत्पादन, रेल्वे, गिरण्या असे जे काही दस्तऐवज आहेत त्यांवरून आकडे मागे मागे नेतात. जितकं मागे जाल तितका अंदाज ढोबळ. वातावरणाचा अभ्यास करणाऱ्यांना तो लागतो. तुमच्या-माझ्या कामाचा भाग १९७० नंतरचा.

वेगवेगळ्या याद्यांचे आकडे जुळत नाहीत. खरी कोणती?

आकड्यांपेक्षा दिशा बघा. तीन याद्या तीन आकडे देतात पण तिन्हींत रेषा वर चालली असेल, तर ती वर चाललीय हे बहुधा खरं. फरक कशामुळे पडतो हेही एव्हाना लक्षात आलं असेल: कुणी धूळ धरली, कुणी नाही, कुणी परदेशी गुणांक लावले, कुणी आंतरराष्ट्रीय ऊर्जा आकडेवारी घेतली, कुणी राज्यांची. सल्फर डायऑक्साइडमध्ये याद्या एकमेकींच्या बऱ्यापैकी जवळ येतात, काळ्या कर्बात कधी कधी दुपटीचा फरक पडतो.

आणि एक करू नका. एका यादीतलं २०१० आणि दुसरीतलं २०२० घेऊन 'दहा वर्षांत इतके टक्के वाढ' असं लिहू नका. वर्तमानपत्रांत हे सर्रास दिसतं.

गेल्या वर्षी डाउनलोड केलेला आकडा यंदा बदललाय. काहीतरी लपवतायत का?

बदलला नसता तर मला जास्त काळजी वाटली असती. नवी माहिती किंवा चांगला गुणांक मिळाला की तो फक्त ताज्या वर्षाला लावून चालत नाही, सगळी मागची वर्षंही नव्याने काढावी लागतात. नाहीतर पद्धत बदलल्याची उडी प्रदूषणाची उडी म्हणून दिसते.

ब्रिटनचं उदाहरण नमुनेदार आहे. घरात लाकूड जाळण्यातून देशाच्या पीएम २.५ पैकी सुमारे ३८ टक्के येतं असं तिथल्या २०२१ च्या अधिकृत आकडेवारीत होतं. घराघरांतल्या शेकोट्यांवरून बरंच रण माजलं. मग लोक खरोखर किती लाकूड जाळतात याची नवी पाहणी झाली आणि पुढच्याच वर्षी तो हिस्सा १७ टक्क्यांवर आला. एका वर्षात लोकांनी लाकूड सोडलं नव्हतं. आधीचा 'काम किती झालं' हा आकडाच फुगलेला होता. त्यांनी तो जाहीरपणे दुरुस्त केला आणि मागची मालिकाही बदलली. आपल्याकडच्या चुलींचा आकडा असा तपासला तर तो कुठल्या बाजूला सरकेल, हे बघायला मला आवडेल.

पन्नास वर्षांत आपल्याकडे काय वाढलं आणि काय कमी झालं?

शिसं गेलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि गाड्यांतून येणारं शिसं जवळपास संपलं. उत्सर्जनाच्या आलेखात इतकी सरळ कोसळणारी रेघ क्वचित दिसते.

डिझेलमधलं गंधकही उतरलं. बीएस-२ मध्ये दहा लाख भागांत ५००, बीएस-३ मध्ये ३५०, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १०. पाचवी पायरी गाळून थेट सहाव्यावर उडी मारली, ती धोरणातली खरोखर चांगली गोष्ट.

तरीही देशाचं एकूण सल्फर डायऑक्साइड १९७० पासून वाढतच आलं, कारण त्याचा मुख्य स्रोत गाड्या नव्हेत, कोळशावरची वीज आहे, आणि विजेची मागणी कितीतरी पटींनी वाढली. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी कडक मर्यादा आल्या. गंधक काढणारी यंत्रणा बसवायची मुदत आधी २०१७ होती, मग ती पुढे पुढे सरकत गेली, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुतेक प्रकल्पांना त्यातून सूटच मिळाली. राजधानी परिसर आणि दहा लाखांवरच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्या प्रकल्पांना अट राहिली. चीनने २००६-०७ नंतर हीच यंत्रणा बसवून आपला आकडा खूप खाली आणला. ब्रिटनमध्ये १९७० च्या तुलनेत तो ९५ टक्क्यांहून जास्त घटला, तिथे कोळसाच हळूहळू बंद झाला.

नायट्रोजन ऑक्साइड आणि अमोनिया आपल्याकडे वाढले. थेट पीएम २.५ चं चित्र मिश्र आहे: चुलींकडून खाली ओढ, उद्योग आणि विजेकडून वर.

दरडोई काढलं तर भारत मागेच असेल ना?

बऱ्याच प्रदूषकांत असेल. हवामानाच्या वाटाघाटीत तो मुद्दा रास्त आहे. पण फुप्फुसाला दरडोई कळत नाही. एकाच चौरस किलोमीटरवर किती लोक आणि किती धूर, हे जास्त महत्त्वाचं.

कार्बन डायऑक्साइड यात येतो का?

नाही. त्याची यादी वेगळी. स्रोत मात्र बरेचसे तेच.

दिवाळीचे फटाके?

वर्षाच्या राष्ट्रीय बेरजेत किरकोळ, त्या रात्रीच्या पंचवटीतल्या हवेत भयंकर. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

उपग्रह असताना हा गुणाकार-बेरजेचा खटाटोप कशाला?

उपग्रहाला हवेतला वायूचा स्तंभ दिसतो, तो कुणी सोडला ते दिसत नाही. २००४ पासून उपग्रहावरचं 'ओएमआय' हे उपकरण आणि २०१७ च्या ऑक्टोबरात गेलेल्या सेंटिनेल-५पी वरचं 'ट्रोपोमी' नायट्रोजन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइडचे नकाशे देतात. मोठी औष्णिक केंद्रं त्यात ठळक उठतात. यादी म्हणते घट आणि उपग्रह म्हणतो वाढ, असं झालं की यादी करणाऱ्याला पुन्हा बसावं लागतं. ताळा म्हणून उपग्रह फार उपयोगी. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा भारतीय शहरांवरचा नायट्रोजन डायऑक्साइड काही दिवसांत उतरलेला त्यात स्पष्ट दिसला, याद्यांमध्ये ते यायला वेळ लागला.

एडगरच्या नकाशावर मी नाशिकचा आकडा काढला. चालेल का?

जपून. त्या नकाशाचा एक चौकोन ०.१ अंशाचा, म्हणजे साधारण ११ किलोमीटर बाजूचा. महापालिकेची हद्द अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपास. अख्खं शहर जेमतेम दोन-तीन चौकोनांत मावतं. शिवाय देशाची बेरीज आधी काढून ती लोकसंख्या, रस्ते वगैरेंच्या प्रमाणात खाली वाटलेली असते. वीजकेंद्रासारखा मोठा स्रोत त्याच्या जागेवर ठेवता येतो, पण सातपूरच्या वर्कशॉपमधली भट्टी कुठे आहे हे त्या वाटपाला माहीत नसतं. देशासाठी बनवलेलं साधन वॉर्डासाठी वापरू नये.

नाशिक 'एनकॅप'मध्ये आहे. प्रदूषण ४० टक्के कमी करायचं म्हणजे काय कमी करायचं?

हवेतलं पीएम १०. उत्सर्जन नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. आधी २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के घट असं लक्ष्य होतं, पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घट किंवा राष्ट्रीय मानक गाठणं असं झालं. १३० शहरं त्यात आहेत. पीएम १० चं वार्षिक मानक ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५.

माझा आक्षेप इथेच आहे. पीएम १० वर लक्ष ठेवलं की पैसा झाडूयंत्रांवर, पाण्याच्या फवाऱ्यांवर आणि दुभाजकांवरच्या हिरवळीवर जातो. धूळ दबते, केंद्राचा आकडा उतरतो, पण धुराड्यातून टनाने काय निघतंय ते तसंच राहतं. शहराला मिळणारा निधी हवेतल्या आकड्यासोबत उत्सर्जनाच्या आकड्यालाही बांधला, तर यादी दरवर्षी आपोआप लिहिली जाईल.

इलेक्ट्रिक गाडी घेतली तर उत्सर्जन एकलहऱ्याला हलतं, एवढंच ना?

थोडंफार हलतं, पण 'एवढंच' नाही. नायट्रोजन ऑक्साइड आणि कर्ब गर्दीतून बाहेर जातात आणि उंच धुराड्यातून पातळ होतात. सल्फर डायऑक्साइडचा रकाना मात्र वाढू शकतो. टायर, ब्रेक आणि रस्त्याची धूळ तशीच राहते. बीएस-६ नंतर गाड्यांच्या धुराचा हिस्सा घटेल तसा या धुळीचा टक्का वाढलेला दिसेल.

सिंहस्थाचं प्रदूषण राष्ट्रीय आकड्यात दिसेल का?

नाही. २०२७ च्या पर्वण्यांना लाखोंनी लोक येतील, गाड्या येतील, जनरेटर चालतील, तरी देशाच्या वार्षिक बेरजेत ते दशांश चिन्हाच्या पलीकडे राहील. शहराच्या यादीत मात्र दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी तयारी आत्ताच लागेल: वाहनतळांवर येणाऱ्या गाड्यांची इंधनानुसार मोजणी, जनरेटरला दिलेल्या डिझेलची पावती, भंडाऱ्यांत जळलेलं सरपण आणि गॅस. हे आकडे मेळा संपल्यावर कुणाकडेच मिळत नाहीत.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नाशिकची माहिती कुठून घेऊ?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ अ नुसार आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महासभेपुढे ठेवावा लागतो. तिथून सुरुवात करा. हवेतल्या प्रमाणाचे आकडे राज्य आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या संकेतस्थळांवर आहेत, नोंदणीकृत वाहनं 'वाहन' पोर्टलवर. औष्णिक केंद्राची वीजनिर्मिती आणि कोळसा यांची आकडेवारी केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करतं. एखाद्या वर्षाचं उत्सर्जन काढायचं असेल तर सगळे आकडे त्याच वर्षाचे घ्या, आणि केंद्रीय संस्थांच्या माहितीत वर्ष एप्रिल ते मार्च आहे की जानेवारी ते डिसेंबर, ते आधी बघून घ्या. प्रोजेक्ट तपासताना मला सर्वांत जास्त लाल शेरे याच ठिकाणी द्यावे लागतात.